दीड लाख शब्दांचा व्यवहार : फँटसी आणि विज्ञानकादंबरी स्वतः प्रकाशित करताना

फँटसी किंवा विज्ञानकादंबरी स्वतः प्रकाशित करू पाहणाऱ्या लेखकाने सर्वांत आधी आपल्या संहितेची शब्दसंख्या पाहावी, असे मी सांगतो तेव्हा अनेकांना तो कारकुनी सल्ला वाटतो. पण या दोन साहित्यप्रकारांत पुढचा जवळजवळ प्रत्येक खर्च आणि बरेचसे उत्पन्न लांबीवरून ठरते. संपादक शब्दांवर मानधन घेतो, छपाईचा खर्च पानांवर चढतो, ध्वनिपुस्तकाचा निवेदक तासांचा हिशेब करतो. ई-पुस्तक विकत घेणारा वाचक मात्र पाने मोजून पैसे देत नाही. ८० हजार शब्दांची आणि १ लाख ६० हजार शब्दांची कादंबरी त्याला साधारण एकाच किमतीला हवी असते, आणि त्यामुळे दुसऱ्या लेखकाचा खर्च दुप्पट होऊनही प्रत्येक प्रतीमागचे उत्पन्न तेवढेच राहते. गंमत अशी की याच लांबीमुळे वाचक एका कल्पित जगात मुक्काम करतो, पुढच्या खंडाची वाट पाहतो आणि तो आल्याबरोबर विकत घेतो. पुढच्या सगळ्या पायऱ्या या दुधारी लांबीला कसे सांभाळायचे, याच्याच आहेत.

या वाटेवरची दोन उदाहरणे नेहमी दिली जातात. अँडी वेअर यांनी ‘द मार्शियन’ आधी स्वतःच्या संकेतस्थळावर प्रकरणाप्रकरणाने विनामूल्य दिली, वाचकांच्या आग्रहावरून २०११ मध्ये ती किंडलवर ९९ सेंटला ठेवली आणि २०१४ मध्ये ती एका मोठ्या प्रकाशनसंस्थेकडून आली. ह्यू हावी यांची ‘वूल’ २०११ मध्ये एका छोट्या कथेच्या रूपात आली, वाचकांनी पुढचे भाग मागितले, आणि पुढच्याच वर्षी त्यांनी छापील आवृत्तीचे हक्क एका बड्या प्रकाशकाला देऊन ई-पुस्तकाचे हक्क स्वतःकडे राखले. ही उदाहरणे खरी आहेत, मात्र त्यांतून घ्यायचा धडा बहुधा चुकीचा घेतला जातो. दोघांनीही आधी पूर्ण खर्च करून महाग पुस्तक बाजारात आणले नव्हते. त्यांनी थोडा मजकूर वाचकांपुढे ठेवला, मागणी दिसली आणि मग पाऊल पुढे टाकले. लेखकांना भुरळ पडते ती त्यांच्या यशाची, हा क्रम मात्र बाजूला पडतो.

पहिली पायरी : किती खंड, किती शब्द

प्रौढ वाचकांसाठीची फँटसी १ लाख ते दीड लाख शब्दांच्या आसपास असली तर वाचकाला ती भरघोस वाटते आणि लेखकाला ती झेपते. विज्ञानकादंबरी बहुधा याहून थोडी आटोपशीर असते. संहिता अडीच लाखांवर गेली असेल, तर ती मधोमध तोडून दोन खंड करण्याआधी थांबावे, कारण अर्ध्यावर कापलेली कथा आणि पहिला खंड म्हणून रचलेली कथा यांत मोठे अंतर असते. पहिल्या खंडाचा मुख्य पेच त्याच खंडात सुटला पाहिजे. मोठा संघर्ष, राजवंशाचे रहस्य किंवा यंत्रमानवांचे बंड पुढे चालू राहिले तरी हरकत नाही. अपूर्ण राहिलेल्या मालिकांनी हात पोळलेले वाचक या प्रकारात भरपूर आहेत. मालिका पूर्ण होईपर्यंत पहिल्या खंडाला हातच लावायचा नाही, असा नियम पाळणारेही त्यांत आहेत, आणि अनोळखी लेखकाच्या बाबतीत त्यांना दोष देता येत नाही.

म्हणूनच तीन खंडांची मालिका असेल तर किमान दोन खंडांची संहिता पूर्ण आणि तिसऱ्याचा कच्चा खर्डा हाताशी असल्याशिवाय पहिला खंड बाजारात आणू नये, असे माझे मत आहे. यामागे केवळ वाचकांचा विश्वास नाही. ॲमेझॉनवरच्या नव्या पुस्तकांच्या यादीत एखादे शीर्षक प्रकाशनानंतर साधारण ३० दिवस राहू शकते. त्यानंतर ते हजारो जुन्या पुस्तकांच्या रांगेत जाते. दुसरा खंड दोन-तीन महिन्यांत आला तर पहिल्याकडे पुन्हा लक्ष वेधले जाते. तो दोन वर्षांनी आला तर दरम्यानच्या काळात पहिल्या खंडाचा वाचक तुमच्या राज्यांची नावेही विसरलेला असतो.

दुसरी पायरी : जगाची नोंदवही आणि संपादन

संपादनाचे तीन थर वेगळे समजून घ्यावेत. पहिल्यात कथेची रचना, गती आणि पात्रे तपासली जातात; दुसऱ्यात वाक्य आणि शैली; तिसऱ्यात मुद्रितशोधन. तिन्ही कामे एकाच माणसाने एकाच फेरीत करून देण्याचे आश्वासन दिले तर सावध व्हावे, कारण रचना बदलताना नवी वाक्ये येतात आणि नव्या वाक्यांबरोबर नव्या चुका. खर्चाला कात्री लावायचीच असेल तर ती पहिल्या थराला लावता येते, तीही पाच-सहा चोखंदळ वाचक आधी संहिता वाचून देणार असतील तरच. हे वाचक याच साहित्यप्रकाराचे असावेत. कौटुंबिक कादंबऱ्या आवडीने वाचणारा तुमचा सख्खा मित्र पहिल्या प्रकरणातली सात विचित्र नावे पाहून गोंधळला, यावरून फँटसीचा वाचक गोंधळेल की नाही हे कळत नाही.

कल्पित जगाची एक नोंदवही संपादकाकडे संहितेबरोबरच द्यावी. तिच्यात प्रत्येक नावाचे नक्की लेखन, पात्रांची वये, दोन ठिकाणांमधील अंतर आणि ते कापायला लागणारे दिवस, दिनदर्शिका, नाणी, पदव्या, जादूची किंमत आणि मर्यादा, यानाचा वेग आणि इंधन, अशा गोष्टी असाव्यात. वास्तववादी कादंबरीत संपादक एखादी शंका नकाशा किंवा कोश उघडून सोडवू शकतो. तुमच्या जगाचा कोश फक्त तुमच्या डोक्यात असतो. माझ्या पहिल्या कादंबरीत ९ दिवसांच्या प्रवासात दोनदा पौर्णिमा आली होती. संपादकाच्या ते लक्षात आले नाही, माझ्याही नाही. एका वाचकाने मात्र अतिशय नम्र शब्दांत विचारले की, या ग्रहाला दोन चंद्र आहेत का. या प्रकाराचा वाचक असाच असतो: ड्रॅगन आहे हे तो बिनतक्रार मान्य करतो, पण ड्रॅगन काल पूर्वेला होता आणि आज पश्चिमेला कसा, हे विचारल्याशिवाय राहत नाही. विज्ञानकादंबरीत तर आकडेमोड करून पाहणारे वाचक असतात, तेव्हा प्रकाशवर्ष हे अंतराचे एकक आहे, काळाचे नव्हे, एवढ्या प्राथमिक जागी तरी ठेच लागू नये.

ही नोंदवही पुढेही उपयोगी पडते. दुसरा खंड लिहिताना ती स्मरणशक्तीची जागा घेते, आणि ध्वनिपुस्तक करायची वेळ आली की तिच्यातूनच निवेदकासाठी उच्चारांची यादी निघते. तासाला साधारण ९ हजारांहून थोडे अधिक शब्द वाचले जातात, त्यामुळे दीड लाख शब्दांची कादंबरी १६ तासांच्या आसपास जाते. नायकाच्या गावाचे नाव तिसऱ्या तासाला चुकलेले आढळले आणि ते पुढे शंभर वेळा आले असेल, तर दुरुस्तीचा खर्च कोणी सोसायचा हा वाद अटळ असतो. तरी पैसे हाती येताच ध्वनिपुस्तकाचा विचार अवश्य करावा. मासिक वर्गणीत एका क्रेडिटला एक पुस्तक घेणारा श्रोता सहा तासांच्या पुस्तकापेक्षा सोळा तासांचे पुस्तक खुशीने निवडतो, आणि लांबी लेखकाच्या बाजूने उभी राहण्याच्या मोजक्या जागांपैकी ही एक आहे.

तिसरी पायरी : मुखपृष्ठ आणि नकाशा

मुखपृष्ठाने कथा सांगायची नसते. पुस्तक कोणत्या प्रकारातले आहे हे एका क्षणात, तेही अंगठ्याएवढ्या आकारात सांगायचे असते. एपिक फँटसी, शहरी फँटसी, स्पेस ऑपेरा, लष्करी विज्ञानकथा, खेळाच्या नियमांवर बेतलेली लिटआरपीजी, या प्रत्येकाची रंगसंगती, अक्षरवळण आणि चित्राची चौकट वेगळी असते. आपल्या उपप्रकारातली अलीकडची विकली जाणारी वीस-तीस मुखपृष्ठे एकत्र मांडून पाहावीत आणि चित्रकाराला तीच दाखवावीत. ‘माझे पुस्तक या चौकटीत बसत नाही’ हे वाक्य लेखक अभिमानाने म्हणतो. ग्राहकाला मात्र अशा मुखपृष्ठावरून काहीच कळत नाही आणि तो पुढे जातो.

चित्र आणि अक्षररचना ही दोन वेगळी कौशल्ये आहेत. उत्तम रंगवलेल्या चित्रावर सुमार अक्षरांत शीर्षक टाकले की पुस्तक लगेच हौशी दिसू लागते. मालिकेसाठी एकाच चित्रकाराकडून तिन्ही मुखपृष्ठांची वेळ आधीच ठरवून घ्यावी, नाहीतर तिसऱ्या खंडाच्या वेळी तो अन्य कामांत गुंतलेला असतो आणि कपाटात शेजारी ठेवलेली तीन पुस्तके एकमेकांची सावत्र भावंडे वाटतात. कराराच्या कागदात ई-पुस्तक, छापील पुस्तक, ध्वनिपुस्तक आणि जाहिरात या चारही वापरांचा स्पष्ट उल्लेख हवा. फॉन्टचाही परवाना असतो, हे फार जणांना उशिरा कळते.

कृत्रिम बुद्धिमत्तेने काढलेल्या चित्राचा मोह होतो, कारण चांगले मुखपृष्ठ हा नवख्या लेखकाचा बहुधा संपादनाखालोखाल मोठा खर्च असतो. निर्णय ज्याचा त्याने घ्यावा, परंतु दोन गोष्टी माहीत असाव्यात. ॲमेझॉनच्या केडीपी या स्वयंप्रकाशन सेवेने सप्टेंबर २०२३ पासून असा मजकूर, चित्र किंवा भाषांतर वापरले असल्यास ते कळवणे बंधनकारक केले आहे. दुसरे असे की, या साहित्यप्रकाराचे वाचक आणि चित्रकार एकाच वर्तुळात वावरतात आणि तिथे ही गोष्ट खपवून घेतली जात नाही. त्याच वर्षी स्वयंप्रकाशित फँटसीच्या सर्वांत गाजलेल्या स्पर्धेत उत्कृष्ट मुखपृष्ठ म्हणून निवडलेले काम अशा चित्रांच्या आधाराने केल्याचे उघड झाले आणि आयोजकांनी मुखपृष्ठांची स्पर्धाच बंद केली.

नकाशा हवाच असे नाही. प्रवासाची कथा असेल तर तो वाचकाला आधार देतो. सगळे कथानक एका शहरात किंवा एका यानात घडत असेल तर तो केवळ शोभेचा ठरतो. काढायचाच असेल तर काळ्या-पांढऱ्या रेषांत काढावा, कारण ई-पुस्तके वाचायच्या बऱ्याच उपकरणांच्या पडद्यांवर रंग दिसत नाहीत, आणि दुसरे कारण पुढे हिशेबात येईल.

चौथी पायरी : मांडणी आणि छपाईचा हिशेब

ई-पुस्तकासाठी ईपब हा प्रकार सर्वत्र चालतो. देवनागरीसारख्या लिपीत लिहिलेली संहिता युनिकोडमध्येच असावी. जुन्या फॉन्टांतला मजकूर रूपांतरित करताना जोडाक्षरे फुटतात आणि त्या चुका नजरेने शोधण्यात आठवडे जातात. मुखपृष्ठाची प्रतिमा २५६० बाय १६०० पिक्सेलची असावी. प्रकरणांची अनुक्रमणिका दुव्यांसह असावी आणि शेवटच्या पानावर, कथा संपते त्याच क्षणी, पुढच्या खंडाचा दुवा आणि वाचकाने आपला ई-मेल पत्ता द्यावा अशी विनंती असावी. आभार, परिशिष्टे आणि वंशावळी त्यानंतर. या क्रमाकडे लेखक दुर्लक्ष करतात, वास्तविक भारावलेल्या वाचकाला पुढचे पुस्तक घ्यायला लावणारी याहून चांगली जागा दुसरी नाही.

छापील पुस्तकात लांबीचा खरा फटका बसतो. मागणीनुसार छपाईच्या पद्धतीत एकेक प्रत विकली गेल्यावर छापली जाते, त्यामुळे गोदाम लागत नाही आणि शिल्लक प्रतींचे ओझेही राहत नाही, पण प्रत्येक पानाचा खर्च प्रत्येक प्रतीवर पडतो. केडीपीच्या अमेरिकी बाजारपेठेचे उदाहरण घेऊ. काळ्या शाईच्या नेहमीच्या आकारातील पेपरबॅकला साधारण १ डॉलर ठरावीक खर्च आणि त्यावर पानामागे सुमारे १.२ सेंट असा हिशेब धरला, तर दीड लाख शब्दांच्या ५०० पानी कादंबरीची छपाई ७ डॉलरपर्यंत जाते. किंमत १४.९९ डॉलर ठेवली आणि लेखकाचा वाटा ६० टक्के धरला, तर छपाई वजा जाता हातात जेमतेम २ डॉलर उरतात. तेच पुस्तक बाहेरच्या दुकानांना आणि ग्रंथालयांना पोहोचवणाऱ्या विस्तारित वितरणात टाकायचे असेल तर वाटा ४० टक्क्यांवर येतो. त्या दराने १४.९९ मधून छपाईचा खर्चही निघत नाही, म्हणून किंमत साडेसतरा डॉलरच्या पुढे न्यावी लागते. त्या किमतीत शेजारीच नामवंत लेखकाची, हजारोंच्या आवृत्तीत स्वस्त छापलेली कादंबरी ठेवलेली असते.

पानांना मर्यादाही आहेत. केडीपीवर पेपरबॅक ८२८ पानांपर्यंत आणि पुठ्ठाबांधणीची आवृत्ती ५५० पानांपर्यंतच निघते. म्हणजे अडीच लाख शब्दांचा अवाढव्य खंड ऐसपैस मांडणीत पेपरबॅकमध्येही मावेनासा होतो आणि पुठ्ठाबांधणीत तर दीड लाखांचा खंडही काठावर येतो. अक्षर बारीक करून पाने वाचवण्याचा उपाय सुचतो, तो टाळावा. त्यापेक्षा पुस्तकाचा आकार थोडा मोठा घ्यावा, समास नीट आखावेत, आणि शेवटी काय तर संपादनात पंधरा हजार शब्द कमी करावेत. कण्याची रुंदी पानांच्या संख्येवर अवलंबून असल्याने मांडणी अंतिम झाल्याशिवाय छापील मुखपृष्ठाची फाइल करून घेऊ नये, आणि नमुना प्रत हातात घेऊन, दिवसाच्या उजेडात, पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळल्याशिवाय विक्री सुरू करू नये.

आयएसबीएन या पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांकाबाबत एवढेच: प्रत्येक स्वरूपाला वेगळा क्रमांक लागतो, काही देशांत तो विनामूल्य मिळतो तर काहींत विकत घ्यावा लागतो, आणि एखाद्या विक्रीमंचाने फुकट दिलेला क्रमांक अन्यत्र वापरता येत नाही.

पाचवी पायरी : एकाच दुकानात की सगळीकडे

किंमत आणि वितरण हे दोन निर्णय वेगळे करता येत नाहीत. केडीपीवर २.९९ ते ९.९९ डॉलर या पट्ट्यातील ई-पुस्तकावर ७० टक्के रॉयल्टी मिळू शकते, त्याबाहेर ३५ टक्के. ७० टक्क्यांच्या योजनेत फाइलच्या आकारानुसार वितरणशुल्क कापले जाते, अमेरिकेत दर एमबीला १५ सेंट. रंगीत नकाशे आणि प्रत्येक प्रकरणाला नक्षीदार शीर्षचित्र घालून फाइल १० एमबी झाली, तर प्रत्येक विक्रीमागे दीड डॉलर कापला जातो. नकाशा काळ्या-पांढऱ्या रेषांत काढा, असे म्हटले होते ते यासाठीही.

केडीपी सिलेक्ट ही योजना ९० दिवसांच्या मुदतीची असते आणि तिचे आपोआप नूतनीकरण होते. त्या काळात ई-पुस्तक दुसऱ्या दुकानात किंवा संकेतस्थळावर विकता किंवा विनामूल्य देता येत नाही. छापील आवृत्तीवर हे बंधन नाही. त्याबदल्यात पुस्तक किंडल अनलिमिटेड या वर्गणीवाचनात जाते आणि वाचल्या गेलेल्या पानांवर पैसे मिळतात. ही पाने छापील पाने नव्हेत. मंच स्वतःच्या प्रमाणित मोजणीने ती ठरवतो आणि दीड लाख शब्दांची कादंबरी त्या मोजणीत ७०० ते ८०० पाने भरते. दर महिन्याला बदलणारा दर गेली काही वर्षे पानामागे अर्ध्या सेंटच्या आतच राहत आला आहे. तरीही पुस्तक शेवटपर्यंत वाचले गेले तर तीन डॉलरच्या आसपास मिळतात, म्हणजे ४.९९ डॉलरला प्रत विकून मिळणाऱ्या साडेतीन डॉलरच्या जवळपास. छोट्या कादंबरीला हा सौदा परवडत नाही, लांबलचक फँटसीला परवडतो. लांबी लेखकाच्या बाजूने उभी राहण्याची ही दुसरी जागा.

म्हणून पहिल्या मालिकेच्या आरंभी वर्षभर तरी या योजनेत राहावे आणि वाचकवर्ग जमल्यावर अन्य दुकानांकडे जावे, असा सल्ला मी बहुतेकांना देतो. एकाच कंपनीच्या नियमांवर सारी मिळकत टांगून ठेवण्यातला धोका मात्र नजरेआड करू नये. दर तिचे, मोजणी तिची आणि खाते बंद करण्याचा अधिकारही तिचाच. ज्यांनी कादंबरी आधी प्रकरणाप्रकरणाने एखाद्या संकेतस्थळावर दिली आहे त्यांनी तर विशेष काळजी घ्यावी: योजनेत नाव घालण्यापूर्वी तिथला मजकूर, नमुन्यादाखल चालणारा १० टक्क्यांपर्यंतचा भाग वगळून, काढून टाकावा लागतो, आणि तो विनामूल्य वाचत आलेल्या वाचकांना हे आधी कळवले नाही तर तेच पहिल्या दिवशी नाराजीचे अभिप्राय लिहितात.

सहावी पायरी : प्रकाशनाचा महिना आणि जाहिरातीचे गणित

प्रकाशनाच्या सहा ते आठ आठवडे आधी निवडक वाचकांना आगाऊ प्रती द्याव्यात आणि प्रामाणिक अभिप्राय मागावेत. पैसे देऊन अभिप्राय घेणे, नातेवाइकांकडून लिहवून घेणे, लेखकांनी एकमेकांच्या पाठी खाजवणे या तिन्ही गोष्टी ॲमेझॉनच्या नियमांत बसत नाहीत, आणि पकडले गेल्यास खरे अभिप्रायही जाऊ शकतात. पूर्वनोंदणी लावायची असेल तर संहिता पूर्ण झाल्यावरच लावावी. अंतिम फाइल ठरलेल्या वेळेत, म्हणजे प्रकाशनाच्या ७२ तास आधी, चढवता आली नाही तर पुढे वर्षभर पूर्वनोंदणीची सोय गमवावी लागू शकते. पुस्तकाची नोंद करताना तीन वर्ग आणि सात शोधशब्दांच्या चौकटी मिळतात. वर्ग निवडताना ‘फँटसी’ या महासागरात उडी मारण्यापेक्षा आपल्या उपप्रकाराचा अरुंद वर्ग शोधावा.

मलपृष्ठावरचा मजकूर लिहिताना फँटसीच्या लेखकांची हटकून चूक होते. ते जगाच्या निर्मितीपासून सुरुवात करतात. तीन साम्राज्ये, एक विसरलेले देवस्थान आणि हजार वर्षांपूर्वीचा तह पहिल्याच परिच्छेदात आला की ग्राहक निघून जातो. कोण, त्याला काय हवे आहे, आड काय येते आणि हुकले तर काय गमवावे लागेल, एवढेच तिथे असावे. नवी विशेषनामे दोनहून अधिक नकोत.

जाहिरातीचे गणित मांडल्याशिवाय एक पैसाही खर्च करू नये. समजा, तीन खंडांची मालिका आहे. पहिला खंड ९९ सेंटला ठेवला, त्यावर ३५ टक्के दराने ३५ सेंट मिळतात. पुढचे दोन ४.९९ डॉलरला, त्यांवर प्रत्येकी सुमारे ३.४९ डॉलर. पहिला खंड घेणाऱ्यांपैकी निम्मे दुसऱ्याकडे गेले आणि दुसऱ्याच्या वाचकांपैकी ८० टक्के तिसऱ्याकडे गेले, तर पहिल्या खंडाच्या प्रत्येक ग्राहकामागे ३५ सेंट, १.७५ डॉलर आणि १.४० डॉलर असे मिळून साडेतीन डॉलर येतात. म्हणजे पहिली प्रत विकायला जाहिरातीवर दोन डॉलर गेले तरी मालिका नफ्यात राहते, आणि एकच खंड असलेला लेखक त्याच जाहिरातीत प्रत्येक प्रतीमागे दीड डॉलरहून अधिक गमावतो. हे प्रमाण केवळ समजण्यासाठी घेतले आहे. स्वतःचे प्रमाण स्वतःच्या विक्रीच्या आकड्यांतूनच काढावे. दुसऱ्या खंडाकडे वळणाऱ्यांचे प्रमाण अगदीच कमी आले तर दोष जाहिरातीत नसून पहिल्या खंडाच्या शेवटाकडे किंवा मधल्या रेंगाळलेल्या शंभर पानांकडे पाहावे.

यात एक व्यावहारिक अडचण लपलेली आहे. केडीपी रॉयल्टी महिना संपल्यानंतर सुमारे ६० दिवसांनी देते. जाहिरातीचे बिल त्याआधीच येते. जाहिरात यशस्वी होत असतानाच हातातले पैसे संपण्याचा विचित्र प्रसंग अनेकांवर येतो. म्हणून तीन महिन्यांच्या जाहिरातीची रक्कम वेगळी काढून ठेवावी, आणि ती उसनवारीची नसावी.

सातवी पायरी : स्पर्धा, लोकवर्गणी आणि येणारे प्रस्ताव

लेखक मार्क लॉरेन्स यांनी २०१५ मध्ये स्वयंप्रकाशित फँटसीसाठी एसपीएफबीओ ही स्पर्धा सुरू केली. ३०० पुस्तके दहा परीक्षक-गटांत वाटली जातात, प्रत्येक गट एक पुस्तक अंतिम फेरीत पाठवतो. प्रवेशशुल्क नाही आणि रोख बक्षीसही नाही. मिळते ती वाचकांची नजर, आणि तिथून पुढे मोठ्या प्रकाशकांकडे गेलेली पुस्तके आहेत. विज्ञानकादंबऱ्यांसाठी अशाच धर्तीची एसपीएसएफसी २०२१ पासून सुरू झाली. याउलट भरमसाट प्रवेशशुल्क घेऊन प्रत्येक सहभागी लेखकाला कुठला ना कुठला सन्मान बहाल करणाऱ्या स्पर्धांपासून दूरच राहिलेले बरे.

लोकवर्गणीचा विषय निघाला की नामवंत फँटसी लेखक ब्रँडन सँडरसन यांनी २०२२ मध्ये चार कादंबऱ्यांसाठी ४ कोटी १७ लाख डॉलर गोळा केले, हे कोणीतरी सांगतेच. त्यांच्यामागे तोवर अनेक वर्षांत जमलेला वाचकवर्ग आणि पार्सले पाठवणारी स्वतःची यंत्रणा होती. नवख्या लेखकाला विज्ञानकादंबरीकार बेकी चेंबर्स यांचे उदाहरण अधिक जवळचे आहे: पहिली कादंबरी पूर्ण करायला वेळ मिळावा एवढ्यासाठी त्यांनी २०१२ मध्ये वर्गणी मागितली, २०१४ मध्ये ती स्वतः प्रकाशित केली आणि पुढच्या वर्षी ती एका मोठ्या प्रकाशकाकडून आली. छापील प्रती देण्याचे वचन देताना टपालखर्च वजनावर असतो हे विसरू नये; ६०० पानांचे पुठ्ठाबांधणीचे पुस्तक परदेशी पाठवायला पुस्तकाच्या किमतीहून अधिक पैसे लागू शकतात.

पुस्तक थोडे चालू लागले की प्रस्ताव येऊ लागतात, त्यांतले बरेचसे सापळे असतात. ‘आम्ही आपले पुस्तक चित्रपट-निर्मात्यांपर्यंत नेतो, फक्त पटकथेचा खर्च द्या’ अशी पत्रे हमखास येतात. कसोटी सोपी आहे: संपादक, चित्रकार आणि छपाई यांना लेखक पैसे देतो तेव्हा त्याचे हक्क त्याच्याकडेच राहतात, जो पैसेही घेतो आणि हक्कही मागतो तो प्रकाशक नव्हे. विज्ञानकथा आणि फँटसी लेखकांच्या एसएफडब्ल्यूए या संघटनेचा ‘रायटर बीवेअर’ हा उपक्रम अशा फसवणुकींची नोंद ठेवतो. पत्रावर उत्तर लिहिण्याआधी तिथे नाव शोधावे.

खरा प्रकाशक आला तर कोणत्या भाषेचे, कोणत्या प्रदेशाचे आणि कोणत्या स्वरूपाचे हक्क तो मागतो, ते किती वर्षांसाठी आणि विक्री किती घसरल्यावर ते परत मिळतील, हे एकेक करून वाचावे. सर्वांत धोक्याचे कलम ‘याच जगातील पुढील सर्व साहित्य’ असे असते. इतर प्रकारांत ते किरकोळ ठरेल, फँटसीच्या लेखकाचे मात्र आयुष्यभराचे काम त्या एका ओळीत जाऊ शकते. ध्वनिपुस्तकाचे हक्क आधीच स्वतंत्रपणे दिले असतील तर तेही पहिल्याच पत्रात सांगून टाकावे.

मालिका चालली नाही तर

असे घडते, आणि चांगल्या पुस्तकांच्या बाबतीतही घडते. पहिल्या खंडाला सहा महिन्यांत अभिप्राय चांगले पण विक्री नगण्य असेल, तर आधी मुखपृष्ठ आणि मलपृष्ठावरचा मजकूर बदलून पाहावा. संहितेला हात लावू नये. अभिप्रायच वाईट असतील आणि सगळे एकाच दोषाकडे बोट दाखवत असतील, तर सुधारित आवृत्ती काढता येते, ही सोय पारंपरिक प्रकाशनात सहसा मिळत नाही. दुसऱ्या खंडानंतरही वाचक पुढे जात नसतील तर पाच खंडांचा आराखडा तिसऱ्यात आटोपावा. मालिका अर्ध्यावर सोडण्यापेक्षा ती आखूड करून पूर्ण करणे केव्हाही चांगले, कारण ‘पूर्ण मालिका’ हा शब्द विक्रीच्या पानावर लिहिता येतो आणि थांबून राहिलेले वाचक त्याचीच वाट पाहत असतात.

मालिका पूर्ण झाली की तिन्ही खंडांचा एकत्रित ई-संच काढावा. त्याची किंमत ठरवताना लेखक सहज १४.९९ डॉलर लिहून मोकळे होतात, कारण तीन पुस्तकांचे तेवढे मोल त्यांना रास्त वाटते. पण ती किंमत ७० टक्क्यांच्या पट्ट्याबाहेर जाते, त्यामुळे हातात सव्वापाच डॉलर पडतात. तोच संच ९.९९ डॉलरला ठेवला तर वितरणशुल्क कापण्याआधी सातच्या आसपास मिळतात आणि ग्राहकाचे पाच डॉलर वाचतात. वर्गणीवाचनात मात्र एका वाचकाच्या एका पुस्तकामागे ३,००० पानांपर्यंतच पैसे मिळतात. साडेचार लाख शब्दांचा संच त्या मर्यादेत मावतो. सहा लाखांच्या पुढे गेला तर त्याचे दोन भाग करावेत.